ओटीतल्या ब्लाउज पिसांची गोधडी : चौकोन जुळत नाहीयेत, मदत हवीये

सुईत_दोरा (शनिवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतीये, लिहायची ही पहिलीच वेळ.

आईच्या कपाटात ओटीतले, हळदीकुंकवाचे, डोहाळजेवणांचे असे मिळून पन्नासच्या वर ब्लाउज पीस साठलेत. तिला ते कुणाला द्यायचे नाहीत आणि शिवूनही घ्यायचे नाहीत. एक जरी हातात घेतला तरी तिला सगळं आठवतं, हा मोठ्या मामीने वास्तुशांतीला दिला, हा समोरच्या काकूंनी माझ्या बारशाला, हा सोलापूरच्या लग्नातला. मग मीच म्हटलं की सगळ्यांचे चौकोन कापून तुला एक गोधडी शिवते, म्हणजे सगळे पीस एकदम अंगावर येतील. तिला पटलं, दुसऱ्या दिवशी सगळा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

हिशोब असा केलाय. सिंगल बेडला ६० बाय ८४ इंच. तयार ब्लॉक १२ इंचाचा, म्हणजे आडवे ५ उभे ७, एकूण ३५. प्रत्येक ब्लॉकमधे ९ चौकोन, म्हणजे ३१५ चौकोन. एक चौकोन तयार ४ इंचाचा व्हायला हवा, चारी बाजूंनी पाव इंच माया (शिलाईत जाणारी जादा कड) धरून साडेचार इंचाचे कापले. असे नऊ जोडल्यावर ब्लॉक साडेबाराचा यायला पाहिजे (कडेची माया अजून शिल्लक असते ना).

पहिला ब्लॉक आला बाराचा. तोही एका बाजूने बारा, दुसऱ्या बाजूने जवळजवळ सव्वाबारा, आणि मधे थोडा फुगलाय, टेबलावर सपाट पडत नाही. चार कोपरे जिथे एकत्र येतात तिथे दोन-तीन मिलिमीटरचा फरक आहे. दुसरा ब्लॉक तसाच, तिसरा त्याहून वेगळा. उसवून परत शिवला तर कापड ओढलं गेलं आणि अजून वाकडं झालं. मशीन आईचं जुनं काळं पायाचं आहे, पुठ्ठ्याचा चौकोन करून खडूने आखून कात्रीने कापतीये, आणि शिवताना मशीनच्या फुटाच्या (सुईजवळ कापड दाबून धरतो तो) कडेला कापडाची कड लावून टीप मारतीये.

कुठे चुकतंय? अजून ३२ ब्लॉक करायचेत, आत्ताच कळलं तर बरं.

पेठेतली_मावशी (शनिवार, रात्री ११.१५)

अगं किती छान विचार आहे. आधी दोन गोष्टी सांग. पीस सगळे सुती आहेत का? आणि कापायच्या आधी धुतलेस का?

सुईत_दोरा (शनिवार, रात्री ११.२२)

मावशी, नाही धुतले. आणि मिक्स आहेत, टू बाय टू (ब्लाउजचं पातळ कापड) आहेत, काही जाड कॉटन, दोन-चार चमकणारे आहेत ते बहुतेक पॉलिएस्टर. पहिल्या ब्लॉकमधे टू बाय टू आणि जाड कॉटन असे दोन्ही आलेत.

टूलरूम_६२ (रविवार, सकाळी ७.०५)

मी चिंचवडला एका कारखान्याच्या टूलरूममधे ३४ वर्षं काढली, शिवणकाम रिटायर झाल्यावर सौ.कडून शिकलो. तुमच्या आकड्यांवरूनच उत्तर मिळतंय, बघा.

साडेचारचे तीन म्हणजे साडेतेरा इंच. मधे जोड दोन. तुम्ही धरलेली माया पाव इंच, म्हणजे दोन सूत. एका जोडात दोन्ही बाजूंची मिळून अर्धा इंच जाते, दोन जोडांत एक इंच, उरले साडेबारा. तुमचे उरलेत बारा. म्हणजे दीड इंच गेला, एका जोडात पाऊण इंच, एका बाजूला तीन सूत. तुमची टीप कडेपासून दोन सुतावर पडत नाहीये, तीन सुतावर पडतीये. जुन्या काळ्या मशीनचा फूट सुईपासून किती रुंद आहे हे प्रत्येक मशीनला वेगळं असतं, त्याच्या कडेवर विसंबू नका.

करायचं असं. आलेखाचा कागद घ्या, ज्यावर इंचाचे आठ भाग छापलेत असा. त्याची कड कापून एक रेघ पकडा आणि तिच्यापासून दोन घरं मोजून खूण करा. सुईतला दोरा काढा, चाक हाताने फिरवून सुई बरोबर त्या खुणेवर टोचू द्या, फूट खाली करा. आता कागदाची कड जिथे आलीये तिथे मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावा, पण एक थर नाही, आठ-दहा थर एकावर एक, म्हणजे कापडाला टेकायला छोटी भिंत तयार होते. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांवर पट्टी येऊ देऊ नका, त्यांच्या पुढच्या बाजूला लावा.

मग चाचणी. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, सहा-सात इंच लांब पुरे. तिन्ही शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच आली पाहिजे. कमी आली तर माया जास्त पडतीये, चिकटपट्टी सुईकडे सरकवा. बहुतेक पहिल्यांदा एक केसभर कमीच येते, कारण जोड दुमडतो तिथे कापडाची जाडी थोडं माप खाते. म्हणून टीप दोन सुताच्या एक-दोन धागे आतच धरायची.

आणि याकडे दुर्लक्ष करू नका कारण चूक जमा होत जाते. अर्धं सूत फरक म्हणजे डोळ्याला दिसतही नाही, पण एका जोडात तो दोन्हीकडून मिळून एक सूत होतो, तुमच्या गोधडीत आडवे १५ चौकोन, जोड १४, म्हणजे चौदा सूत, पावणेदोन इंच.

कात्री_कागद (रविवार, सकाळी ९.३०)

काका, हे मी प्रिंट काढून मशीनवर चिकटवणार आहे.

पेठेतली_मावशी (रविवार, दुपारी १२.५०)

काकांनी मापाचं सांगितलं ते अगदी बरोबर पण फुगवटा आणि सव्वाबाराचं कारण वेगळं आहे, ते कापडात आहे. फुरसतीने लिहिते.

पहिलं म्हणजे छाटणी कर. प्रत्येक पिसाच्या कडेचे चार-पाच धागे काढून चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघ. सुती असेल तर कागदासारखा जळतो आणि राखाडी राख बोटाने चुरता येते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. मण्यावाले सगळे बाजूला ठेव, सुती कापडाच्या इस्त्रीला ते टिकत नाहीत आणि सुतीशेजारी शिवले की धुतल्यावर सुती आटतं, ते तसंच राहतं, मग जोडाजवळ चुण्या.

दुसरं, सगळे धुऊन घे, कापायच्या आधी. नवं सुती कापड आटतंच. लाल, मरून, गर्द निळे आणि हिरवे एकेकटे भिजव. रंग जातोय का हे बघायचं तर पीस ओला असतानाच त्यावर पांढरं फडकं ठेवून गरम इस्त्री दाब, फडक्यावर डाग आला तर परत धू, दोन-तीनदा धुऊनही येत असेल तर तो पीस गोधडीत घालूच नको. माझ्या एका चौघडीत एकच लाल चौकोन होता, पहिल्या धुण्यात आजूबाजूचे सगळे पांढरे गुलाबी झाले, आणि ते आता काही केल्या जात नाही.

तिसरं, खळ. टू बाय टू धुतल्यावर इतकं मऊ पडतं की कात्री लावली तरी सरकतं. मूठभर नाही, एक मोठा चमचा साबुदाणा लिटरभर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजव, गाळ, गार झालं की त्यात पीस बुडवून पिळून सावलीत वाळव, किंचित दमट असताना इस्त्री कर. कागदासारखा कडक होतो, मग आखायला, कापायला, शिवायला तिन्हीला सोपं. भाताची पेज चालते, बाटलीतला स्टार्चही चालतो. फक्त गोधडी पूर्ण झाली की धुऊन खळ काढायची, तशीच ठेवली तर कसर लागते.

चौथं, आणि तुझ्या फुगवट्याचं खरं कारण बहुधा हेच, चौकोन उभ्या-आडव्या धाग्यावर कापलेस का तिरके? ओटीतले पीस दुकानात घाईने फाडलेले असतात, कड सरळ असेलच असं नाही. पिसाच्या किनारीला समांतर आखायचं, फाडलेल्या कडेला नाही. तिरका कापलेला चौकोन म्हणजे उरेब, त्याची कड हातात घेऊन ओढलीस तर रबरासारखी येते. असा एक जरी चौकोन मधे आला की ब्लॉक फुगतो. उसवताना कापड ओढलं गेलं म्हणालीस ना, ते याचंच लक्षण.

किनार मात्र चौकोनात येऊ देऊ नको, ती घट्ट विणलेली असते आणि वेगळी आटते. ८० सेंटिमीटरच्या, ३६ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) एका पिसातून किनार सोडून ४२ चौकोन निघतात, तुला कापड कमी पडणार नाही.

वाकळ (रविवार, दुपारी ३.१०)

सगळ्यांचं वाचतोय. माफ करा पण एक विचारू का, गोधडीला एवढं माप कशाला? आमच्याकडं साताऱ्याला आज्जी वाकळ शिवायची तिच्याकडं टेप पण नव्हता. जुनी लुगडी तीन-चार थर जमिनीवर अंथरायची, चार कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे ठेवायची, आणि वरून ज्या आकाराची चिंधी हाताला येईल ती कड दुमडून ठेवायची आणि धावदोरा घालायची. कडेपासून सुरू करून गोल गोल आत मधोमध यायची. तिची वाकळ माझ्या वयाची आहे, अजून वापरात आहे हडपसरच्या घरी, आणि कुठंच फुगलेली नाही. मला वाटतं मापाच्या नादात तुम्ही तिचा आनंद घालवताय.

धावदोरा (रविवार, संध्याकाळी ६.००)

वाकळ, तुमच्या आजीची पद्धत माझ्या खूप जवळची आहे, मी दोन्ही प्रकार शिवते, म्हणून सांगते की दोन्ही कामं मुळातच वेगळी आहेत.

वाकळीत खालचा थर अखंड असतो. चिंधी त्या अखंड कापडावर बसते, कड दुमडून. चिंधी वाकडी असली तरी खालचं लुगडं तिला धरून ठेवतं, आणि ती शेजारच्या चिंधीवर थोडी चढली तरी काही बिघडत नाही. जोडणं आणि थर शिवणं एकाच टाक्यात होतं. उत्तर कन्नडमधले सिद्दी लोक कवंदी शिवतात तीही अशीच, बाहेरून आत, आणि शेवटी चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे त्रिकोण लावतात, त्यांना फुला म्हणतात. ते नसले तर कवंदी पूर्ण झाली असं मानत नाहीत.

इथे ताई जे करतायत त्यात खाली काहीच नाही. चौकोनाला चौकोन कडेला कड जोडून आधी वरचा पदर तयार होतो, मग त्याच्याखाली थर येतात. एका चौकोनाची चूक शेजारच्याकडे जाते, त्याची पुढच्याकडे. म्हणून माप. आणि कोपरे जुळले की ते जे एक अधिक चिन्ह दिसतं ना, स्वच्छ, ते बघायला मला स्वतःला फार आवडतं, त्यातही आनंद आहेच की.

अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावातल्या बायकांच्या गोधड्या बघा कधीतरी, कामाच्या कपड्यांचे, जीन्सचे मोठाले तुकडे, मापात अगदी मोकळ्या. २००२ मधे म्युझियममधे प्रदर्शन लागलं, २००६ मधे त्यांच्यावर पोस्टाची तिकिटं निघाली. त्याही कडेला कड जोडलेल्याच आहेत, पण त्या बायका जोडत जातात आणि वाढेल तिथे कापत जातात. तोही एक रस्ता आहे. फक्त ३१५ सारखे चौकोन ठरवल्यावर तो रस्ता बंद होतो.

ताई, मशीनचं जमेपर्यंत एक ब्लॉक हाताने करून बघा. चौकोनाच्या उलट्या बाजूला पेन्सिलने चारी बाजूंनी पाव इंच आत रेघ मारायची. दोन चौकोन सुलट बाजू आत ठेवून जोडायचे, आधी रेघांच्या दोन्ही टोकांना टाचणी आरपार घालायची, मागच्या कापडाच्याही बरोबर कोपऱ्यातूनच बाहेर आली पाहिजे. मग रेघेवर बारीक धावदोरा, दर चार-पाच टाक्यांनी एक उलटा टाका. रेघ संपली की थांबायचं, मायेत शिरायचं नाही. एका ब्लॉकला मला दोन संध्याकाळी लागतात, पण कुठला कोपरा का चुकला ते बोटांना कळतं.

वाकळ (रविवार, संध्याकाळी ६.४०)

अखंड कापडाचं लक्षात आलं नव्हतं. पटलं.

सुईत_दोरा (मंगळवार, रात्री १०.०५)

काका, कागद लावून बघितला. बरोबर तीन सूत! सुई टोचली ती तिसऱ्या रेघेवर. न बघता सांगितलंत तुम्ही, मी आईला हाक मारून दाखवलं. चिकटपट्टी लावली, तीन पट्ट्यांची चाचणी केली, मधली पट्टी पहिल्यांदा एक इंचाला केसभर कमी, पट्टी थोडी सरकवली आणि दुसऱ्यांदा बरोबर एक.

मावशी, धागे जाळून बघितले. ५३ पैकी ११ मण्यावाले निघाले, आणि गंमत म्हणजे एक चमकणारा पीस सुती निघाला. बाकीचे धुवायला सुरुवात केलीये, गच्चीवर दोऱ्या बांधल्यात, एक मरून तिसऱ्या धुण्यालाही रंग सोडतोय, तो बाजूला ठेवला. आणि हो, जुन्या चौकोनांपैकी दोन उरेब होते, ओढून बघितल्यावर लगेच कळलं, फुगवटा बरोबर तिथेच होता.

आता कापायचं विचारायचंय. पुठ्ठ्याची कड चार-पाच वेळा खडू फिरवल्यावर झिजते. ते गोल कटर मिळतं ते घ्यावं का?

कात्री_कागद (मंगळवार, रात्री १०.५०)

३१५ चौकोन असतील तर घ्याच. रोटरी कटर जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मधे आणला, त्याच्याआधी जगभर सगळ्या पुठ्ठा-कात्रीनेच करत होत्या, म्हणजे त्याच्यावाचून अडतं असं नाही, पण चार थर एकदम सरळ कापले जातात. ४५ मिलिमीटरचं पातं घ्या. त्याला खाली खास मॅट लागते, आणि जाड ॲक्रिलिकची पट्टी. मी मॅट अप्पा बळवंत चौकातून आणली. कटर खाली ठेवताना दर वेळी, म्हणजे दर वेळी, पातं बंद करायचं, घरात लहान मूल नसलं तरी.

टूलरूम_६२ (बुधवार, सकाळी ६.५०)

कटर नको असेल तर नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून ॲक्रिलिकचा साडेचार इंची चौकोन कापून घ्या, तो झिजत नाही आणि खालच्या कापडाचा उभा धागा आरपार दिसतो. कापून आल्यावर दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तरच तो चौकोन. खडूऐवजी टोकदार पेन्सिल, खडूची रेघच अर्धं सूत जाड असते.

धावदोरा (बुधवार, दुपारी २.१५)

कोपरे जुळण्याची खरी किल्ली इस्त्रीत आहे, ते राहिलंच.

तुमच्या ब्लॉकमधे गडद पाच आणि फिके चार ठेवा, चार कोपरे आणि मधला गडद. प्रत्येक जोडाची माया गडद चौकोनाकडे वळवून इस्त्री करा. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत गडद कडेला आहेत, माया बाहेर जाते. मधल्या ओळीत गडद मधे आहे, माया आत येते. मग ओळीला ओळ जोडताना एकाची माया डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे, आणि दोन्ही जोड एकमेकांना घट्ट टेकतात. डोळे मिटून बोटाने चाचपलं तरी ते खट्कन बसलेलं कळतं. तिथे टाचणी लावा आणि शिवा. शिवाय गडद रंगाची माया फिक्या कापडाखालून दिसतही नाही.

इस्त्री घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची. घासली की चौकोन ताणला जातो आणि सगळी मेहनत जाते. आधी शिवलेला जोड मिटलेला असतानाच एकदा दाबा, मग उघडून वळवा.

आणि वेळ वाचवायचा असेल तर जोड्या एकामागून एक मशीनला देत जा, मधे दोरा न तोडता. मागून पताकांसारखी माळ निघते, शेवटी एकदम कापायची. टाका इंचाला दहा-बारा ठेवा, टू बाय टूला ११ नंबरची सुई लावा.

सुईत_दोरा (त्यानंतरचा रविवार, रात्री ९.२०)

साडेबारा! चारी बाजूंनी! काल रात्री पहिला झाला आणि आज दिवसभरात चार. पताकांची माळ आईने कापली. मधले चारही कोपरे जुळले, एकाच ब्लॉकमधे एक कोपरा मिलिमीटरभर हललाय, तो उसवणार नाही. खळ घातल्यावर टू बाय टू खरंच कागदासारखं कापलं गेलं.

चौकोन कुठे लावायचे ते आई ठरवतीये. रंगाने नाही, माणसांनी. मामीच्या पिसाशेजारी मामाच्या लेकीचा, सोलापूरच्या लग्नातले सगळे एकाच ब्लॉकमधे. त्यामुळे कधीकधी गडद-फिकं जमत नाही, मग ती पिसांची अदलाबदल करत बसते आणि मी इस्त्री गरम ठेवून थांबते.

एक प्रश्न आहे. गठ्ठ्यात एक खण आहे, तिच्या आईने तिच्या पहिल्या ओटीत दिलेला. तो कापायला ती तयार नाही आणि गोधडीत मात्र हवाय. धुवायलाही नको म्हणतीये, रंग जाईल म्हणून. काय करू?

पेठेतली_मावशी (रविवार, रात्री ९.५५)

न धुता आत शिवू नको गं. एका कोपऱ्यावर ओलं फडकं दाबून बघ आधी. रंग येत नसेल तर गार पाण्यातून एकदाच काढ, पिळू नको.

वाकळ (रविवार, रात्री १०.१०)

कापायचा नाही तर आज्जीच्या पद्धतीनं लावा. सगळं जोडून थर घालून झालं की मागच्या बाजूला अस्तरावर अखंड ठेवायचा, चारी कडा दुमडून बारीक टाक्यानं. खाली अखंड कापड आहे, मापाची गरज नाही. आणि मधल्या थराला जुन्या सुती चादरी दोन घाला, पुण्याच्या थंडीला तेवढं पुरतं, कापूस भरला तर धुतल्यावर गोळे होतात.

सुईत_दोरा (सोमवार, सकाळी ८.३०)

ओलं फडकं दाबलं, रंग आला नाही. गार पाण्यातून काढून सावलीत टाकलाय.

वाकळ, तुमचं आईला वाचून दाखवलं. मागच्या बाजूला चालेल म्हणाली, पण मधे नको, उशाच्या बाजूला लाव, म्हणजे अंधारात हात फिरवला तरी कळेल डोक्याकडची बाजू कुठली, पायाकडची तोंडावर येणार नाही.